आत्याचा खरा रंग

लग्नाचे फोटो पाठवून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच आत्याचा फोन.

"माझ्या पैठणीला काय केलंस?"

'जेवलास का' नाही, 'गुडघा कसा आहे' नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा एवढा तापलेला आवाज मी घराच्या वाटणीच्या वेळीसुद्धा ऐकला नव्हता.

"काय केलं?"

"निळी केलीस. ठार निळी! माझी पैठणी चिंतामणी रंगाची आहे. येवल्याहून आणलेली आहे ह्यांनी."

"आत्या, पण चिंतामणी म्हणजे निळाच ना?"

हा प्रश्न विचारायला नको होता. मराठी बायकांच्या राज्यात निळा नावाचा रंगच नाही. आकाशी आहे, पिरोजी आहे, मोरपंखी आहे, आनंदी आहे. 'निळा' म्हणणारा माणूस एकतर पुरुष असतो किंवा पोलीस पंचनामा लिहीत असतो. चिंतामणी म्हणजे निळ्याहिरव्याच्या सीमेवरचा कुठलासा वादग्रस्त भाग. चार बायकांना विचारा, चार ठिकाणी बोट ठेवतील, आणि चौघींनाही तो नेमका माहीत असतो. आत्याने मला दहा मिनिटं झाडलं आणि शेवटी म्हणाली, "एवढा लाखाचा कॅमेरा घेतलास म्हणे. त्यापेक्षा तुझ्या बायकोच्या फोनमध्ये बरा आलाय."

हे मात्र लागलं.

कॅमेरा मी बँकेतून निवृत्त झाल्यावर घेतला. सेकंडहँड, पण व्यावसायिक. लेन्ससकट गळ्यात अडकवला की माणूस आपोआप पुढे वाकतो आणि लोकांना वाटतं, किती नम्र गृहस्थ आहेत. विकणारा म्हणाला होता, "काका, हा खोटं बोलत नाही." बत्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासल्यावर 'खोटं बोलत नाही' असं कोणी सांगितलं की सावध व्हायला हवं. पण तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो, सावधपणा कार्यालयातच जमा करून आलो होतो.

घरी येऊन वाचायला बसलो. पहिलाच धक्का असा, की कॅमेऱ्याला रंग दिसतच नाहीत. त्याच्या पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. मग कोडॅकमधल्या ब्राइस बायर नावाच्या शास्त्रज्ञाने युक्ती काढली. तिचं पेटंट १९७६ चं. प्रत्येक ठिपक्यावर एकेक रंगीत काच बसवायची, कुणावर लाल, कुणावर हिरवी, कुणावर निळी. आपल्या डोळ्याला हिरव्या भागातले बारकावे जास्त कळतात, म्हणून हिरव्या निम्म्या. म्हणजे माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख ठिपके हिरवे, आणि लाल नि निळे ६०-६० लाख. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा एकच रंग माहीत. उरलेले दोन तो आजूबाजूला विचारून ठरवतो. आपण स्थळाची चौकशी करतो तशी: मुलगा पाहिलेला नाही, पण शेजारचे चांगलं बोलले. फोटोतला दोन तृतीयांश रंग असा शेजाऱ्यांच्या भरवशावर उभा असतो. आणि हा म्हणे खोटं बोलत नाही!

लग्न माझ्या भाचीचं. फोटोग्राफर ठरलेले होतेच, व्हिडिओवाला होता, ड्रोनवाला होता, नुसत्या रील करणारी एक वेगळी मुलगी होती. मी आपला हौशी. पण त्या सगळ्यांपेक्षा माझं एक ध्येय वरचं होतं. मला खरे रंग हवे होते.

हळदीला सुरुवात झाली. कॅमेरा 'ऑटो व्हाइट बॅलन्स'वर होता. या ऑटोचं मूळ तत्त्वज्ञान पक्कं वेदान्ती आहे. समोरचे सगळे रंग एकत्र कालवले, की शेवटी राखाडीच उरायला हवा असं ते धरून चालतं. राखाडी उरला नाही, तर तो दिव्याचा दोष. पण इथे हळद पिवळी, झेंडू पिवळा, चौरंगावरचं कापड पिवळं आणि 'थीम' म्हणून नवरीच्या सतरा मैत्रिणी पिवळ्या. कॅमेऱ्याने बिचाऱ्याने विचार केला, कुणीतरी इथे पिवळा दिवा लावलेला दिसतो. म्हणून त्याने सगळ्यांवर निळा रंग चढवला. आजी पिवळट पडलेल्या धोतराला नीळ द्यायची, तोच हा प्रकार. फक्त आजी धोतरालाच द्यायची, आजोबांना नाही. फोटोत भाची तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवल्यासारखी दिसत होती. व्याह्यांनी पाहिलं असतं तर लग्नाआधी रक्त तपासायला सांगितलं असतं.

तेव्हा ठरवलं, यंत्रावर विसंबायचं नाही. पांढरा कशाला म्हणायचं ते आपण सांगायचं. त्यासाठी राखाडी कार्ड मिळतं, १८ टक्के उजेड परत फेकणारं. ज्या उजेडात फोटो काढायचा, त्यात ते धरायचं, त्याचा एक फोटो घ्यायचा आणि कॅमेऱ्याला बजावायचं, हा राखाडी, आता बाकीचं तू बघ. वाचताना हे अगदी सोपं वाटतं. पण वाचताना भोवती वऱ्हाड नसतं.

त्या मंगल कार्यालयात पाच सूर्य होते. खिडकीतून खरा. छताला ट्यूब. भिंतींवर पिवळे दिवे. स्टेजवर जांभळ्याचे गुलाबी होणारे एलईडी. आणि या सगळ्यांना पुरून उरणारा व्हिडिओवाल्याचा दिवा, जो नवरीच्या नाकापासून दोन फुटांवर होता. दिव्यांचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळा बल्ब साधारण २८००, दुपारचं ऊन ५५००, सावली सात-आठ हजार. म्हणजे आपण ज्याला उबदार म्हणतो तो आकड्याने थंड, आणि थंड म्हणतो तो गरम. (आमच्या शाखाधिकाऱ्यांचंही असंच होतं.) एका वेळी एकच आकडा कॅमेऱ्याला सांगता येतो. मी सांगितला. त्यात गुरुजींचा डावा गाल हिरवा, उजवा गुलाबी आणि टाळू जांभळी आली. मंत्र तेवढे एका रंगात चालले होते.

शिवाय आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून त्यावरचे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा फडफडतात. डोळ्याला ते कळत नाही, पण सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडमीट करणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं. एकापाठोपाठ तीन फोटो काढले तर पहिल्यात बहीण गोरी, दुसऱ्यात काविळीची, तिसऱ्यात काळवंडलेली. तिन्ही वेळा ती एकच वाक्य बोलत होती: "अरे तू मामा आहेस, कॅमेरा ठेव खाली."

मी ऐकलं नाही. कार्ड घेऊन स्टेजवर गेलो आणि नवरीच्या चेहऱ्यासमोर धरलं. गुरुजींना वाटलं, अंतरपाट आला. एका आजोबांनी त्यावर अहेराचं पाकीट ठेवलं. मग मी पिशवीतून रंगपट्टी काढली. हीही १९७६ मधलीच. त्या साली अमेरिकेत रंगाचं काय एवढं बिनसलं होतं देव जाणे. तिच्यात २४ चौकोन असतात. पहिला सावळ्या त्वचेचा, दुसरा उजळ त्वचेचा, मग आभाळ, मग झाडाची पानं, मग निळं फूल, आणि सहावा निळसर हिरवा. साक्षात चिंतामणी! एवढ्या विद्वानांनी मिळून रंग बरोबर शोधला आणि नाव ठेवलं नुसतं 'निळसर हिरवा'. घरातल्या एकाही बाईला विचारलं नसणार. आमच्या एका वहिनींनी मात्र ती पट्टी नेलपॉलिशची समजून तिसऱ्या ओळीतला तिसरा, लाल, लगेच पसंत केला.

याच वेळी माइकवरून तिसऱ्यांदा पुकारा झाला: "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" मुलीचा मामा स्टेजखाली बसून हिस्टोग्राम बघत होता.

आत्या पहिल्या रांगेत पैठणी नेसून, डॉक्टरांनी दिलेला तो मोठा काळा चष्मा लावून बसली होती. अक्षता टाकतानाही काढला नाही. प्रत्येक फोटोत गुप्त पोलिसासारखी आलीय. पण पैठणीवर मी खास मेहनत घेतली. कार्ड धरलं, पट्टी धरली, खिडकीजवळ बसवून घेतलं. सगळ्या लग्नात शंभर टक्के खरा रंग कुठे मिळाला असेल, तर आत्याच्या पदरावर.

आणि नेमका तोच तिला खोटा वाटला.

मग सुरू झालं रात्रीचं काम. फोटो मी 'रॉ'मध्ये काढले होते, म्हणजे न शिजवलेले. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. एवढ्या पायऱ्या असल्या की माणूस उतरतच राहतो. मी निळा एक पायरी कमी करायचो, हिरवा दोन वाढवायचो, कॉफी प्यायचो, परत जागच्या जागी. मग वाचनात आलं की मॉनिटरच खोटा असू शकतो. तो तपासायला उंदरासारखं एक यंत्र पडद्यावर लटकवतात, आणि ते स्टेथोस्कोप लावल्यासारखं एकेका रंगाची छाती तपासतं. तपासलं. मॉनिटर बरीच वर्षं निळसर होता. पुढे लिहिलं होतं, खोलीच्या भिंतीही राखाडी हव्यात, आमच्यासारख्या पिस्त्याच्या नकोत. हे बायकोच्या कानावर घातलं.

"अहो," ती म्हणाली, "घराचं स्मशान करायचं असेल तर सरळ सांगा."

पैठणीचे चार अवतार आत्याला पाठवले. पहिला निळा, दुसरा 'शेवाळलेला', तिसरा 'पोपटाचा', चौथ्यावर तिने नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ती हे सगळं ज्या फोनवर बघत होती, त्याची काच तडकलेली, वर पिवळं पडलेलं प्लास्टिक, आणि नातवाने रंग भडक करून ठेवलेले. १६,३८४ पायऱ्या चढून मी पैठणीला वर नेत होतो आणि शेवटी त्या प्लास्टिकवरून ढकलून देत होतो.

कपड्याचा रंग पकडण्याच्या नादात फजिती झालेला मी पहिला नव्हे, ही शोध घेताना कळलेली समाधानाची गोष्ट. जगातला पहिला रंगीत फोटोच मुळी कापडाचा आहे. १८६१ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने चौकटीच्या स्कॉटिश फितीचं चित्र दाखवलं. थॉमस सटनने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून त्याचे वेगवेगळे फोटो काढले होते आणि मॅक्सवेलने ते एकावर एक टाकले. पण त्या काळच्या फोटोच्या काचांना लाल रंग कळतच नव्हता! मग फितीतला लाल उमटला कसा? शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या लोकांनी छडा लावला. फितीतला लाल भाग डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही परत फेकत होता आणि ते लाल गाळणीतून निसटून गेले होते. थोडक्यात, पहिला खरा रंग चुकून बरोबर आला. मॅक्सवेलचं नशीब, फीत त्याच्या आत्याची नव्हती.

आणि २००६ मधला लायकाचा एम-८. हजारो डॉलरांचा कॅमेरा. पण अवरक्त किरण अडवणारी त्याच्या सेन्सरवरची काच फार पातळ निघाली, आणि काळे सिंथेटिक कपडे जांभळट गुलाबी यायला लागले. कंपनीने शेवटी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन-दोन फिल्टर फुकट दिले. तो कॅमेरा घेऊन कोणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आला असता, तर काळ्या साड्यांचा अख्खा घोळका गुलबक्षी होऊन घरी गेला असता. तिळगूळ घेऊनही कोणी गोड बोललं नसतं.

रंगाचा सगळ्यात मोठा घोळ मात्र कापडात नाही, कातडीत आहे. कोडॅकच्या प्रयोगशाळा फोटो छापताना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचं चित्र समोर ठेवत. ती बरी दिसली की सगळं जग बरं. तिला 'शर्ली' म्हणत. सावळी माणसं त्या हिशेबात बरीच वर्षं धरलीच नाहीत. पुढे गडद रंगांकडे लक्ष गेलं त्याचं कारण, असं सांगतात, की फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले तक्रार करायला लागले: आमच्या लाकडांतला आणि चॉकलेटांतला फरक फोटोत दिसत नाही. माणसांची दाद लागली नाही, ती चॉकलेटाची लागली.

हे वाचून मी हळहळत होतो तेवढ्यात विहीणबाईंचा निरोप आला: "मामांना म्हणावं, आमच्या मुलाला जरा उजळ करा." जावई आमचा छान सावळा आहे, आषाढातल्या ढगासारखा, आणि माझ्या पट्टीच्या पहिल्या चौकोनाशी त्याचा चेहरा असा तंतोतंत जुळला होता की मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं होतं. पण आपल्याकडे सावळा रंग विटेवर उभा असेल तरच चालतो. स्थळाच्या बायोडेटावर 'गव्हाळ' लिहायचं आणि स्टुडिओत मैदा लावून आणायचा. शर्लीला आपण अमेरिकेतून आणलेली नाही, ती आपल्या घरचीच. मी निरोप पाठवला, या कॅमेऱ्यात ती सोय नाही. निवृत्तीनंतर कामाला आलेलं पहिलं खोटं.

आत्याचं प्रकरण मिटेना, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एकदा मॅचिंग सेंटरवाल्याला विचारा ना." तुळशीबागेच्या बाजूला एका बोळात आठ फूट रुंदीचं दुकान. तीन भिंतींवर छतापर्यंत ब्लाउजपीसचे गठ्ठे; एका निळ्याच्याच चाळीस छटा, एकावरही नाव नाही. मालक साडीकडे एकदा बघतो, पाठ न वळवता हात मागे नेतो आणि नेमका गठ्ठा ओढतो. चौदा बिट, चोवीस चौकोन, काही नाही.

मी फोनमधला पैठणीचा फोटो दाखवला. त्याने फोनला हातही लावला नाही.

"फोटोवर मॅचिंग होत नसतं, साहेब. साडी आणा."

तेवढ्यात एक बाई डाळिंबी साडी घेऊन आल्या. त्याने दोन तुकडे काढले. ट्यूबच्या उजेडात दोन्ही हुबेहूब सारखे. मी शपथेवर सांगितलं असतं. "बाहेर येऊन बघा, ताई," तो म्हणाला. दाराबाहेर उन्हात एक तुकडा डाळिंबी राहिला आणि दुसरा सरळ विटकरी झाला. एका दिव्याखाली जुळणारे रंग दुसऱ्याखाली फुटतात, याला शास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. त्यावर मी तीन रात्री वाचन केलं होतं. हा माणूस रोज संध्याकाळपर्यंत पन्नास वेळा ते रस्त्यावर उभं राहून दाखवतो आणि वर फॉलही लावून देतो.

जाता जाता त्याने विचारलं, "पैठणी हातमागाची ना? मग उभा धागा कुठला, आडवा कुठला?" धूपछांवाच्या पैठणीत ताणा एका रंगाचा असतो आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे वळलं की रंग बदलतो. "तुमच्या आत्या बसल्या तेव्हा एक रंग, उठल्या तेव्हा दुसरा. तुम्ही कुठला काढलात?"

मी कार्ड, पट्टी, कॅमेरा असा सगळा संसार घेऊन आत्याकडे गेलो. काळा चष्मा आता सुटला होता. पैठणीची घडी मोडायला ती तयार नव्हती, पण माझ्या खोटेपणाचा पुरावा मिळणार म्हटल्यावर उठली. कपाट उघडलं, मलमलचं फडकं सोडलं, खिडकीशी येऊन पदर उलगडला.

आणि गप्प झाली.

"अरे," ती जरा वेळाने म्हणाली, "ही पण निळी झालीय."

मग माझ्याकडे संशयाने बघून: "तू साडीला पण काही केलंस का?"

माझ्या डोक्यात उशिराने दिवा लागला, आणि त्याचा केल्विन मोजायची गरज पडली नाही. "आत्या, मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा काढला?"

"उजव्या. लग्नाच्या आधी पंधरा दिवस."

"उजवा झाक."

तिने तळहात ठेवला. "हां! आता बरोबर. हीच माझी चिंतामणी."

"आता डावा झाक."

"निळी!"

पाच मिनिटं ती खिडकीत उभी राहून आळीपाळीने डोळे झाकत होती. मी तिला सांगितलं, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा रंग आत येऊ देत नाही. नवी काच स्वच्छ, ती येऊ देते. क्लोद मोने नावाच्या एवढ्या मोठ्या चित्रकाराचं १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तर त्यालाही सगळं भलतंच निळं दिसायला लागलं होतं. मोनेमध्ये तिला रस नव्हता.

"म्हणजे मुळात ही निळीच?"

"तुझ्या फोटोत आहे तशी."

ती खुर्चीत बसली. पदर मांडीवर तसाच.

"ह्यांनी आणली ना, तेव्हा आठ दिवस बोलले नव्हते मी," ती म्हणाली. "चिंतामणी आणा म्हणून सांगितलं होतं आणि हे निळी घेऊन आले. ह्यांचं आपलं एकच, अगं हीच चिंतामणी. दुकानदाराने शपथ घेतलीय. मग नेसता नेसता कधी चिंतामणी झाली, मला कळलंच नाही. मलाच वाटलं, आपलंच चुकलं होतं तेव्हा."

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. ती उठली, उजव्या डोळ्यावर हात धरून एकदा काठाकडे बघितलं आणि घडी घालायला लागली.

"डाव्याचं कधी आहे?" मी विचारलं.

"डॉक्टर दिवाळीनंतर म्हणतायत." फडक्याची गाठ मारत ती म्हणाली, "तू फोन करशील ना त्यांना? सांग, काही घाई नाही म्हणावं."